जॅकीच्या सात जागा

माझ्या मुलीनं गेल्या महिन्यात एका संस्थेतून चार वर्षांची कुत्री आणली आणि "आई, तुला सोबत होईल" असं म्हणून माझ्याकडे जालन्यात ठेवून पुण्याला निघून गेली. कुत्रीबरोबर एक पांढरी बाटली आली. तिच्यावरची बारीक अक्षरं मोबाईलवर मोठी करून वाचली, तर म्हणे फरशीवरचा मुताचा वास पुरता गेला नाही तर कुत्रं पुन्हा तिथंच येतं, म्हणून हे मारा. मी सोफ्यावर एकटीच बसून बराच वेळ हसले. हे ज्ञान आमच्या भोकरदनच्या घराला मी अकरावीत असतानाच मिळालं होतं, तेही सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून, फुकट. आमच्या घरानं ते घेतलं नाही. आमच्या घराला काही शिकवणं अवघड होतं, कारण माझे वडील शिक्षक होते.

आण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात उपमुख्याध्यापक होते आणि मुख्याध्यापक होण्याची वाट पाहणं हे एकच काम त्यांनी कित्येक वर्षं मन लावून केलं. संस्थेच्या अध्यक्षांना जे आवडे ते आण्णांना आवडू लागे. अध्यक्ष पान सोडून सुपारीवर आले, तशी आण्णांच्या खिशातही सुपारीची डबी आली. अध्यक्षांनी बंगल्यावर दोन अल्सेशियन पाळले आणि आण्णा जेवताना कुत्र्याच्या इमानाबद्दल बोलू लागले. त्याच सुमारास गावातल्या एका इंजिनिअरची बदली झाली. त्यांना आपला पाच वर्षांचा कुत्रा नेता येईना, तो आण्णा घेऊन आले. जॅकी त्याचं नाव. आण्णा येईल त्याला सांगत की हा प्युअर अल्सेशियन आहे. जॅकीचा एक कान उभा होता आणि एक पडलेला, आणि कुणी त्या पडलेल्या कानाकडे पाहिलं की आण्णा म्हणत, "झोपेत दबला आहे." तो कान कायमच दबलेला राहिला. इंजिनिअरच्या परसात जॅकी पाच वर्षं लिंबाच्या झाडाला बांधलेला होता. फरशी त्याच्या पायांना माहीत नव्हती, पहिल्या दिवशी तो तिच्यावर पाय फाकवून उभा राहिला आणि हलेना. आण्णांनी त्याला ठेवलं मात्र बैठकीत, कारण परसात बांधलेला अल्सेशियन रस्त्यावरून दिसत नाही.

घर नवं होतं, शहाबादी फरशीचं, बैठकीत वेताच्या चार खुर्च्या आणि मधे काचेचं टेबल. पण घर चालायचं ते आत्याच्या हुकमावर. आत्या आण्णांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हा वडीगोद्रीहून ती आमच्याकडे आली आणि आल्या दिवशी तिनं घर ताब्यात घेतलं. पहाटे तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं मला जाग यायची. तिच्या हाताची येसर आमटी मी नंतर कुठंही खाल्ली नाही, हे कबूल करायला हवं. बाई स्वयंपाकात देवमाणूस होती. त्यापलीकडे तिला जगात दोनच गोष्टी दिसायच्या, बाटलेली आणि न बाटलेली. शेजारच्या गोठ्यात तांब्या घेऊन ती गायीमागं उभी राहायची, गाय मनावर घेईपर्यंत. ते गोमूत्र ती शाळेतल्या शाईच्या मोठ्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवी. बाटलीवर निळ्या शाईचा कागद तसाच होता. तुळशीची डहाळी बाटलीत बुडवायची आणि शिंपडायची. देवघराच्या उंबऱ्यावर रोज. पाल पडली तिथं. झाडूवाली बाई ज्या खांबाला टेकून पाणी प्यायची त्या खांबाला. बोळीच्या कोपऱ्यात, जिथं आई आणि मी दर महिन्याला चार दिवस चटई टाकून वेगळ्या बसायचो, तिथं पाचव्या दिवशी. आईनं कधी काही म्हटलं नाही. आई कशालाच काही म्हणत नसे, आणि लोक तिला शांत स्वभावाची समजत.

आणि आण्णा? आण्णा एप्रिलमधल्या जयंतीला चौकातल्या मंडपात समतेवर भाषण करायचे. फार सुंदर करायचे. आवाज बरोबर त्या जागी भरून यायचा. मी लहानपणी ते ऐकून रडलेली आहे, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

जॅकीनं पहिल्याच संध्याकाळी देवघराच्या उंबऱ्यावर पाय वर केला. आत्यानं जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारचे धावत आले. आईनं पाण्यानं पुसलं, मागोमाग आत्यानं बाटली रिती केली. आण्णा शांत होते. त्यांच्या मते हा शिस्तीचा प्रश्न होता आणि शिस्त हा त्यांचा विषय होता. त्यांनी ड्रॉइंग पेपरवर वेळापत्रक करून भिंतीला लावलं. सकाळी सहा, दुपारी एक, सायंकाळी सहा, आणि प्रत्येकापुढे सुवाच्य अक्षरात 'लघुशंका'. सहाला ते जॅकीला साखळी लावून परसात नेत, समोर उभे राहत आणि म्हणत, "कर." जॅकी त्यांच्याकडे बघत राही. तोपर्यंत त्याच्याकडे कुणी असं रोखून बघत उभं राहिलं नव्हतं. मग घरात आला की पाचव्या मिनिटाला देवघराचा उंबरा, नाहीतर बोळीचा कोपरा. आण्णा त्याला मानगुटीला धरून त्या ओल्यात नाक दाबत आणि लाकडी पट्टीनं पाठीवर मारत. वर्गातही हीच पद्धत होती. त्या पद्धतीनं त्यांच्या हाताखालच्या एकाही पोराला भूमिती आली नव्हती, पण हा दोष ते पोरांचा धरत. आता कुत्र्याचा धरू लागले.

मला जॅकी फार आवडला. त्याचं कारण साधंच आहे. त्या घरात मला बघून आनंद होणारा तो एकटा होता. मी शाळेतून आले की तो येऊन माझ्या पायांवर आपलं सगळं वजन टाकून टेकायचा. चार दिवस मी चटईवर वेगळी बसले होते, तेव्हा माझ्याजवळ यायला त्याला काही वाटलं नाही. तो सरळ येऊन मांडीवर डोकं ठेवून झोपला. आत्या लांबून म्हणाली, "बघ, दोघंबी एका जागी बसले. बरं झालं, एकदाच शिंपडता यील." पाचव्या दिवशी तिनं शिंपडलं. सहाव्या दिवशी जॅकीनं तिथं मुतून ठेवलं.

दुसऱ्या आठवड्यात आण्णांनी निकाल सांगितला. पुढच्या रविवारी अध्यक्ष आमच्याकडे जेवायला यायचे होते. आण्णांची सगळी आशा त्या जेवणावर होती. "रविवारपोतर सुधरला तर सुधरला," आण्णा म्हणाले, "न्हाईतर वडीगोद्री." वडीगोद्रीला आत्याच्या दिराचं हायवेला लागून चहा-भज्यांचं हॉटेल होतं. त्याला राखणीला कुत्री लागत, आणि सारखी लागत, कारण आधीची ट्रकखाली जात. आमच्याच गल्लीतली दोन त्यानं नेली होती. एक महिनाभर टिकलं आणि दुसरं चार दिवस. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. तरी आण्णा 'वडीगोद्री' हा शब्द असा उच्चारत, जणू जॅकीला तिकडे वसतिगृहात घालायचं आहे.

मी हट्ट धरला म्हणून आण्णांनी डॉक्टर साळव्यांना बोलावलं. साळवे गुरांच्या सरकारी दवाखान्यात होते आणि आण्णांचे विद्यार्थी होते. जयंतीच्या भाषणात शेवटी ते हमखास यायचे. "माझा साळवे, आज डॉक्टर आहे," असं म्हणून आण्णा चष्मा काढून पुसायचे. साळवे बुधवारी आले. त्यांनी जॅकीला तपासलं, पोट दाबून पाहिलं, वेताच्या खुर्चीत बसून त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलले. "सर, ह्याला आजार बिलकुल न्हाई," ते म्हणाले. "जनावर भिऊन राह्यलं. मारू नका." आण्णांनी मान हलवली आणि पट्टी टेबलाखाली सरकवली. मी चहा आणला. निळ्या फुलांच्या कपात आणला. तो कप मोरीजवळच्या बाहेरच्या फळीवर असायचा आणि कुणासाठी असायचा हे मला चांगलं माहीत होतं. कुणी सांगावं लागलं नाही, माझा हात आपोआप त्या फळीकडे गेला. डॉक्टरांनी चहा घेतला आणि जाताना तो कप स्वतःच नेऊन बरोबर त्या फळीवर ठेवला. त्यांनाही कुणी सांगावं लागलं नाही. आण्णा "राहू दे, राहू दे" म्हणत होते, बसल्या जागेवरून.

ते फाटकाबाहेर गेले नाहीत तोच आत्या बाटली घेऊन आली. खुर्ची, खुर्चीचे हात, बैठकीचा उंबरा. आण्णा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जॅकी त्याच खुर्चीपाशी गेला, हुंगला आणि त्यानं पाय वर केला. उरलेल्या तीन खुर्च्यांकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मी काही फार हुशार मुलगी नव्हते, पण भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी घराचा नकाशा काढला. जॅकीनं जिथं जिथं घाण केली तिथं फुली आणि फुलीशेजारी वार. नकाशाला दिशा हवी आणि सूची हवी हे आण्णांनीच शिकवलं होतं, म्हणून तीही घातली. सात फुल्या झाल्या. नकाशाकडे बघताना मला काहीतरी कळत होतं आणि ते पुरतं कळू द्यायचं नाही असाही प्रयत्न मी करत होते. शुक्रवारी डॉक्टर पुन्हा आले, जॅकीसाठी जंताचं औषध घेऊन. सुटीचा दिवस होता, सगळे घरात होते. आण्णा म्हणाले, "बस, बस," आणि तीच खुर्ची पुढं केली. ती धुऊन उन्हात वाळवून आणली होती, आणि नंतर आत्यानं तिच्यावर पुन्हा शिंपडलं होतं. डॉक्टर बसणार तोच जॅकी आला आणि खुर्चीच्या पायाला नाक लावून हुंगत राहिला, अगदी मन लावून. डॉक्टर बसले नाहीत. ते खाली वाकले, खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"पुसल्यावर काय टाकता?" त्यांनी विचारलं. त्यांनी विचारलं आण्णांना, पण आण्णा सुपारीची डबी उघडण्यात गुंतले होते. आई दारात होती, ती पदराकडे बघायला लागली. मग ते माझ्याकडे वळले. "सांग बाई, घाबरू नको. औषध बराबर द्यायचं तर मला कळाया पाह्यजे."

"आत्या गोमूत्र शिंपडते," मी म्हटलं.

"कुठं कुठं?"

मी वही आणून दिली. तेव्हा मला वाटत होतं की मी जॅकीला वाचवते आहे. डॉक्टरांनी नकाशा उभ्यानंच पाहिला. देवघर, बोळ, खांब, एकेका फुलीवर त्यांचं बोट गेलं. खुर्चीच्या फुलीवर ते थांबलं. शेजारी मी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, गुरुवार, पहिली वेळ. "बुधवारी मी आल्तो," ते म्हणाले. आतल्या खोलीत आत्याच्या जात्याचा आवाज थांबला.

आण्णांनी तोंडात सुपारी टाकली. "अरे साळवे, ती जुन्या वळणाची बाई. तू मनावर घेऊ नको."

"मी कशाला घीन सर," डॉक्टर म्हणाले, "हे ह्या कुत्र्यानं मनावर घेतलं." मग त्यांनी वही मिटून मला परत दिली आणि दवाखान्यात एखाद्या शेतकऱ्याला सांगावं तसं नीट समजावून सांगितलं. कुत्रं नाकानं चालतं. मूत गायीचं असो की कुणाचं, त्याला एवढंच कळतं की ही मुतायची जागा आहे. "त्याचं काही चुकत न्हाई. तुम्ही रोज त्याला जागा दाखवून राह्यले, आन् तो बिचारा ऐकून राह्यला. सोडा घालून सगळी फरशी धुवा, उन्हं येऊ द्या, आन् पंधरा दिवस ती बाटली बंद ठेवा. आठ दिवसांत सुधरतो." चहा नको म्हणाले. आण्णांनी आग्रह केला नाही.

ते गेल्यावर आत्या बाहेर आली. आता आण्णांना एकच वाक्य बोलायचं होतं. तेही पंधरा दिवसांपुरतं, तेही कुत्र्याच्या निमित्तानं, समतेचं नावसुद्धा काढावं लागणार नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते बोललेही. "आक्का, पंधरा दिवस जरा..." एवढं बोलले.

"मंग मी जाते वडीगोद्रीला," आत्या म्हणाली. "ह्या घरात देव ऱ्हायचा का कुत्रं, तू ठरव. कालचं ते पोरगं यून माझ्या देवघरात काय शिंपडायचं ते सांगनार, आन् तू ऐकून घेनार."

साळवे तेव्हा पस्तिशीचे होते, त्यांना दोन मुलं होती. आण्णांनी सुपारीची डबी मिटून खिशात टाकली. मग म्हणाले, "कुत्र्याचं काय, जागा बदलली की सुधारतात ती," आणि उद्या दुपारच्या गाडीनं जॅकीला वडीगोद्रीला पाठवायचं ठरवून टाकलं. त्यांना आपली बहीण आवडत होती असंही नाही. तिच्याशी बोलण्याचा त्यांना कंटाळा होता, बस. मी पुढं बरीच वर्षं शाळेत शिकवलं, पुष्कळ वाईट माणसं पाहिली, आणि माझं मत असं झालं की वाईट माणसांशी निदान भांडता येतं. आण्णांशी भांडायला गेलं की ते तुमच्याशी सहमत व्हायचे. त्या संध्याकाळी मी रडून भांडून पाहिलं. "तुझं बरोबर आहे बेटा," ते म्हणाले, आणि ताटातली आमटी ओरपली.

शनिवारी सकाळी ते शाळेत गेले, आत्या पूजेला बसली, आणि मी जॅकीची साखळी सोडून दोरी बांधली आणि त्याला घेऊन बाजारातून सरळ गुरांच्या दवाखान्यात गेले. वाटेत त्यानं तीन खांबांवर रीतसर पाय वर केला आणि मी प्रत्येक वेळी थांबले. डॉक्टर एका म्हशीच्या खुराला पट्टी बांधत होते. "ह्याला ठिवून घ्या," मी म्हटलं. "आण्णांनी पाठवलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जॅकीकडे पाहिलं, आणि मी खोटं बोलते आहे हे त्यांना कळलं हे मला दिसलं. "बांध तिथं," ते म्हणाले.

घरी मला मार पडेल असं वाटलं होतं. पडला नाही. आण्णांना यात सोय दिसली. रविवारी अध्यक्ष जेवायला आले, तेव्हा मी आतून पोळ्या वाढायला नेत असताना ऐकलं, आण्णा सांगत होते, "माझा एक विद्यार्थी आहे, साळवे. त्याला मी माझा अल्सेशियन भेट दिला. म्हटलं, आपल्या घरात आहे ते त्यांच्याही घरात पाहिजे." अध्यक्ष "वा" म्हणाले. पुढच्या एप्रिलला हे भाषणात आलं आणि तिथं त्यांचा आवाज भरून आला. मुख्याध्यापक मात्र त्यांना केलं नाही, त्या जागी अध्यक्षांचा मेहुणा आला. त्या बातमीनं मला जो आनंद झाला तेवढा माझ्या स्वतःच्या नोकरीनं झाला नाही.

तर हे सगळे असे होते, आणि त्यांच्याबद्दल मी आयुष्यभर हसत आले, नातेवाइकांत, शाळेच्या स्टाफरूममध्ये, मुलीपुढे. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल. ती मी नेहमी अध्यक्षांच्या मेहुण्यापाशी संपवते. लोक हसतात. पुढचं मी कधी कुणाला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी, शाळा सुटल्यावर, मी जॅकीला बघायला डॉक्टरांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं क्वार्टर, लादी पुसून लख्ख. जॅकी टेबलाखाली झोपला होता. मला बघून उठला आणि येऊन पायांवर टेकला, सगळं वजन टाकून. डॉक्टरांची बायको म्हणाली, "आल्यापासून एकदा बी घरात केलं न्हाई त्यानं. दाराशी जाऊन उभा ऱ्हातो, म्हन्तो उघडा." ती हसली, मीही हसले. मुलांनी जॅकीला हात द्यायला शिकवलं होतं, ते मला करून दाखवलं. मला त्या घरात फार बरं वाटलं. आपण आण्णांच्या घरातले नाही, इथलेच असायला हवे होतो, असंही मनात आलं. मग तिनं चहा आणला. तीन कप, तिन्ही एकसारखे, कडेला सोनेरी रेघ असलेले. एक डॉक्टरांना, एक स्वतःला, एक मला.

मी कप हातात घेतला आणि तो हात तिथंच थांबला. मी काही ठरवलं नव्हतं, काही मनातही आलं नव्हतं. फळीकडे आपोआप गेला होता, तोच हात. फार वेळ नाही, एक घोट घ्यायला लागतो तेवढाच वेळ. पण डॉक्टर बोलता बोलता थांबले, आणि त्यांच्या बायकोनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे, खिडकीकडे पाहिलं. जॅकी माझ्या पायाला टेकून बसला होता. डॉक्टरांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "गरम आहे, सावकाश घे." चहा गरम नव्हता. मी तो एका दमात प्यायले.